काम बोलतं म्हणे!

‘काम चांगलं असलं की ते आपोआप बोलतं.’ हे वाक्य मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आणि आता नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर चार दिवसांनी ऐकते. सोबत उगवत्या सूर्याचं चित्र असतं. मंडळी, काम बोलत नाही. काम मुकं असतं. बोलतात ती माणसं, आणि बहुतेक वेळा ज्यांनी काम केलेलं नसतं तीच जास्त बोलतात.

एवढा राग कशाचा, तर सांगते. आमच्या नात्यात आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या घरांत मिळून सध्या सात-आठ मुलंमुली अशी आहेत की जी कॉम्प्युटरवर चित्रं काढतात. कुणी पुस्तकांची मुखपृष्ठं करतं, कुणी गेममधली पात्रं, कुणी कापडाची डिझाइनं. नोकरी मागायला किंवा पुढच्या शिक्षणाला जाताना यांना पोर्टफोलिओ लागतो. म्हणजे आपल्या कामाची निवडक वही. पूर्वी जे. जे.ची मुलं मोठी काळी फाइल काखेत मारून लोकलच्या गर्दीत उभी असायची. आता फाइल गेली, पीडीएफ नाहीतर लिंक पाठवतात. आणि या वहीच्या बाबतीत आमच्याकडे दोन पंथ आहेत. पहिला ‘काम बोलतं’वाल्यांचा. त्यांच्या मते मांडणीबिंडणी म्हणजे जाहिरातबाजी, आपल्यासारख्यांनी करू नये. दुसरा क्लासवाल्यांचा. त्यांच्या मते मांडणी हेच सगळं, काम मागून येईल. मला दोघांशीही भांडायचंय. पहिल्याशी जास्त, कारण तो आपल्या घरातला आहे.

‘तुम्हाला चित्रकलेतलं काय कळतं?’ असं कुणी विचारील. फारसं नाही. पण मला वाचणाऱ्याचं कळतं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं आणि वर्षानुवर्षं दहावीचे पेपर तपासले. एप्रिलचा भिवंडीचा उकाडा, वीज गेलेली, आणि समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. पहिली उत्तरपत्रिका कुणीही प्रेमाने वाचतं. एकविसावी वाचताना माणूस कसा वाचतो ते मला विचारा. प्रश्नाचा क्रमांक समासात नीट घातलेला असेल, उत्तर पहिल्या दोन ओळींत सुरू झालं असेल, तर तपासणारा मनातल्या मनात आशीर्वाद देतो. उत्तर येत असूनही ज्याने ते तिसऱ्या पानावर, दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात दडवलंय त्याचे गुण द्यायला तपासणारा तयार असतो हो, पण ते सापडावे लागतात! आणि पुरवण्यांवर पुरवण्या लावणारे तर काय, दोऱ्याने बांधून जाडजूड बाड देतात आणि त्यातलं निम्मं खोडलेलं असतं. ज्ञान तेच, अक्षरही तेच, फक्त मांडणीमुळे समोरच्याची दमछाक. याला कुणी जाहिरातबाजी म्हणत नाही. शाळेत आम्ही याला ‘उत्तर लिहिण्याची पद्धत’ म्हणतो आणि ती शिकवण्याचा पगार घेतो.

मग चित्रकाराच्या मुलाने तेच केलं की तो मिरवतो, असं का?

आपल्या घरांतून शिकवलं जातं की स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करू नये. मान्य. पण स्तुती आणि माहिती यांत फरक आहे. ‘मी एक अत्यंत सर्जनशील आणि पॅशनेट कलाकार आहे’ ही स्तुती. ‘हे डिझाइन सोळा फ्रेमांच्या डॉबीसाठी, तीन रंगांच्या सुतात बसवलं, आणि त्याचं कापड निघालं’ ही माहिती. गंमत अशी की मुलांच्या पोर्टफोलिओत पहिलं वाक्य हमखास असतं आणि दुसरं शोधून सापडत नाही. म्हणजे जे टाळायला शिकवलं ते करतात आणि जे सांगायला हवं ते लाजेने गिळतात.

आता हे डॉबीचं काय, ते सांगते, कारण भिवंडीबाहेरच्या वाचकांना खटक्याचा आवाज माहीत असतो, कापडावरची नक्षी कशी येते ते नसतं. आमचं गाव यंत्रमागांचं. बहुतेक मागांवर निघतं ते साधं ग्रे कापड. पण काही मागांवर डॉबी असते, थोड्यांवर जॅकार्ड. उभे धागे बीमवरून येतात, आडवा धागा मधून जातो. प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कुठला उभा धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा एवढाच काय तो प्रश्न. वर किंवा खाली. तिसरं उत्तर नाही. म्हणून डिझाइन करणारा चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरायचा, भरलेला म्हणजे वर, रिकामा म्हणजे खाली. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४च्या सुमारास हे चौकोन भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर आणले. पुढे १८३९ मध्ये लियाँ शहरात त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले, आणि त्या चित्राची एक प्रत इंग्लंडात चार्ल्स बॅबेज यांच्याकडे होती. तेच ते, गणकयंत्राचे आजोबा. तेव्हा ‘डिजिटल आर्ट’ हे काल-परवाचं अमेरिकन फॅड आहे असं म्हणणाऱ्या आमच्या काकामंडळींनी एकदा डॉबीवरचा माग पाहून यावा. अर्थात आता चौकटीचा कागद गेला, कॉम्प्युटरच्या पडद्यावर तेच चौकोन भरतात.

माझ्या एका विद्यार्थ्याचा मुलगा हे काम करतो. घर तेलुगू, शिक्षण मराठी माध्यमातलं, वडील मागावर. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. त्याला मुंबईतल्या एका डिझाइन स्टुडिओत अर्ज करायचा होता. ‘बाई, जरा इंग्रजी बघा’ म्हणून पोर्टफोलिओ घेऊन आला. इंग्रजी राहिलं बाजूला. एकूण चौऱ्याऐंशी चित्रं! पहिल्या पानावर निळ्या ज्वाळांतून बाहेर येणारं वाघाचं तोंड. मग एका कॉफीच्या दुकानाचा लोगो, तो कपावर, पिशवीवर, दुकानाच्या पाटीवर, गाडीवर. दुकान कुठलं, म्हटलं. ‘असं दुकान नाहीये, बाई. मॉकअप आहे.’ मग अत्तराची बाटली, तीही नसलेल्या कंपनीची. मग वारली. मग सुपरहिरो. आणि एकोणसत्तराव्या पानावर, खाली कोपऱ्यात, काड्यापेटीएवढ्या आकारात एक राखाडी चौकडी, तिच्यात बारीक पान.

हे काय, विचारलं तर म्हणाला, ‘ते काही नाही, ते कामावरचं आहे.’

त्या ‘काही नाही’ची गोष्ट त्याच्याकडून काढायला मला दोन कप चहा लागले. व्यापाऱ्याने परगावच्या कापडाचा एक तुकडा आणून दिला होता, असं पाहिजे म्हणून. त्या पानाला चोवीस निरनिराळ्या तऱ्हेने उचलले जाणारे धागे लागत होते. याच्या मागावरची डॉबी सोळा फ्रेमांची. म्हणजे सोळाच तऱ्हा शक्य. शिवाय पानाच्या देठाशी धागा बऱ्याच पिकांवरून सुटा जात होता, तो बटणात, बांगडीत अडकून निघाला असता. याने पानाची एक बाजू दुसरीची आरशातली प्रतिमा केली, त्यामुळे तेच धागे दोन्हीकडे चालले. देठ मोडून मधे एक टाका घेतला. तीन वेळा नमुना विणून पाहिला, दुसऱ्या खेपेला पान अळीसारखं दिसत होतं. तिसऱ्याला जमलं. शर्टाचं कापड निघालं, गेलं, विकलं गेलं. कदाचित तुमच्यापैकी कुणी ते घातलंही असेल.

आता मला सांगा, यातलं काय ‘आपोआप बोललं’? राखाडी चौकडीचा तो चौकोन घेऊन जगातल्या कुठल्याही जाणकारापुढे ठेवा. तो म्हणेल, राखाडी चौकडी आहे. मूळ तुकडा, चोवीस तऱ्हांचा आराखडा, अळीसारखा फसलेला नमुना, सोळांत बसवलेला आराखडा आणि शेवटी कापडाचा जवळून काढलेला फोटो, असे पाच तुकडे ओळीने मांडले आणि खाली तीन ओळी लिहिल्या, तर तोच जाणकार खुर्चीत पुढे सरकेल. पोराने काही वेगळं केलेलं नाही. फक्त जे केलं ते दिसेल असं ठेवलं.

आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं की! एका क्लासने, चांगली घसघशीत फी घेऊन. क्लासने दिलेला साचाच त्याने भरला होता. काळी पार्श्वभूमी, मोठं नाव, टक्केवारीच्या पट्ट्या: या सॉफ्टवेअरमध्ये नव्वद टक्के, त्या सॉफ्टवेअरमध्ये पंच्याऐंशी टक्के. हे टक्के कुणी काढले? कुठली परीक्षा? मी मराठीची बाई असून मला माझं मराठी किती टक्के आहे ते सांगता येणार नाही. पुढे कळलं की त्या तुकडीतल्या सगळ्यांच्या पोर्टफोलिओत तेच कॉफीचं दुकान आहे. एका गठ्ठ्यात चार उत्तरपत्रिकांत एकच उपमा, तीही त्याच चुकीसकट सापडली की तपासणारा काय समजतो ते मी सांगायला नको. क्लासवाल्याचं काय जातं? मूल आत गेलं तर क्लासच्या भिंतीवर फोटो, नाही गेलं तर मुलाचं काम कमी पडलं.

मॉकअप वाईट असं मी म्हणत नाही. मुखपृष्ठ खरोखर पुस्तकावर कसं दिसेल ते दाखवायला पुस्तक हवंच. पण ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही, किंमत नाही, छापायची अडचण नाही, मालकाने ‘लाल करा’ म्हटलेलं नाही, तिच्यावर लोगो चिकटवणं म्हणजे भातुकलीतला स्वयंपाक. छान असतो, पण त्यावर कुणी आचाऱ्याची नोकरी देत नाही. भिवंडीत तर कॉफीच्या कपाचं एवढं काय कौतुक, इथे अख्खं गाव कटिंग चहावर चालतं! खऱ्या चहाच्या टपरीची पाटी करून दे, म्हटलं त्याला. टपरीवाला ‘अक्षर मोठं करा, धुरात दिसत नाही’ म्हणेल. ते वाक्य पोर्टफोलिओत लिही. त्याला वजन आहे.

वारलीबद्दलही एकदा बोलून टाकते. हल्ली दर तिसऱ्या पोर्टफोलिओत वारली असते. नाचणाऱ्या आकृत्यांची तयार फाइल उतरवून घ्यायची, रंग बदलायचा, मगावर टाकायची. आमच्याच तालुक्यात वारली पाडे आहेत, बसने तासाभरात जाता येतं. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. आणि आमची मुलं खाली लिहितात, ‘माझी शैली: वारली’. तुझी कशी रे बाबा? कुणाकडे बसून शिकलास, कुठला पाडा, लग्नाचा चौक काढताना पाहिलास का, असं एक वाक्य असेल तर मी हात जोडीन. नसेल तर ते पान काढून टाकावं. परक्याचं घर आपल्या पत्त्यावर दाखवू नये.

असो. पहिल्या पंथाकडे वळते, कारण तिकडून नेहमी एक हुकमी पान पडतं: ‘दलालांनी कुठे पोर्टफोलिओ केला होता?’

दीनानाथ दलाल (१९१६ ते १९७१) हे नाव घेतलं की माझ्या वयाचे सगळे हळवे होतात, मीही होते. लहानपणी दिवाळी अंक आला की आधी मुखपृष्ठ बघायचं, मग आईच्या हाती द्यायचा. पण हा दाखला देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही की तो त्यांच्याच विरुद्ध जातो. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ अंक स्वतः सुरू केला. चित्र कुठे जाईल, कुठल्या पानावर, शेजारी कुठला मजकूर, छपाई कशी, हे दुसऱ्याच्या मर्जीवर न ठेवता स्वतःच्या हातात घेतलं आणि खाली सही केली. वर्षाच्या वर्षाला महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचणारा याहून मोठा पोर्टफोलिओ कुठला? कमल शेडगे यांची नाटकांची शीर्षकं रोज वर्तमानपत्राच्या जाहिरातींत लोकांपुढे यायची, अक्षराच्या वळणावरून नाटक ओळखू यावं अशी. त्याही आधीचं उदाहरण म्हणजे रावबहादूर धुरंधर. त्यांनी जे. जे.तल्या आपल्या कामाची हकीकत ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवली. कुठलं काम कुणासाठी, कसं केलं, कोण काय म्हणालं. एवढा मोठा चित्रकार, त्याला स्वतःबद्दल लिहायला संकोच वाटला नाही, आणि आमच्या पोराला तीन ओळींचा संकोच!

उलट बाजूचं उदाहरण मला जास्त लागतं. र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, आयआयटीत शिकवणारे. विंडोज २०००बरोबर जो ‘मंगल’ फाँट आला तो त्यांचा. म्हणजे आपण सगळे जुने ब्लॉगवाले, ज्यांनी रात्री जागून पहिल्यांदा देवनागरीत टंकून स्वतःचंच अक्षर पडद्यावर बघून डोळे पुसले, ते त्यांच्या अक्षरांत लिहीत होतो. ते २००८ मध्ये गेले. तेव्हा त्यांच्या अक्षरात लिहिणाऱ्या किती जणांना ते नाव ठाऊक होतं? लक्षावधी पडद्यांवर काम होतं आणि ते काम कर्त्याचं नाव सांगत नव्हतं. जोशींना कदाचित त्याचं काही वाटलं नसेल, त्यांची ओळख जाणकारांत पक्की होती. पण मागावरच्या पोराला तशी चैन परवडत नाही.

नावाचा प्रश्न निघालाच आहे तर कायद्याचंही सांगते, कारण मुलांना वाटतं की आपण काढलं म्हणजे आपलं. तसं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. कलम १५ आणखी कडक: डिझाइन म्हणून नोंदता येण्याजोगी पण न नोंदलेली गोष्ट कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त वेळा निघाली की तिच्यावरचा कॉपीराइट संपला. पन्नास! कारखान्याच्या हिशोबात पन्नास म्हणजे काहीच नाही. दुसरीकडे कलम ५७ म्हणतं की हक्क दुसऱ्याला दिले तरी ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. या तिघांचा मेळ प्रत्यक्षात कसा बसतो ते वकील सांगतील. मला एवढं दिसतं की पैसा शेठकडे, कापड बाजारात, आणि पोराकडे उरतं फक्त ‘हे मी केलं’ एवढं वाक्य. ते लिहायची एकच जागा आहे आणि तिथे त्याने वाघाचं तोंड लावलंय.

शेठला विचारायचं. जुनं, विकून संपलेलं डिझाइन दाखवायला बहुतेक शेठ नाही म्हणत नाहीत, चालू हंगामाचं मात्र दाखवू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. परवानगी व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्यायची. नाहीच दिली तर तीच सोळा फ्रेमांची अट घालून स्वतःचं डिझाइन करायचं आणि खाली स्पष्ट लिहायचं: सराव. ‘सराव’ या शब्दाला मुलं का घाबरतात कळत नाही. इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे निरनिराळे कागद असतातच ना? समोर ठेवलेलं पाहून काढलं, आठवून काढलं आणि स्वतः रचलं, या तीन वेगळ्या कुवती आहेत हे आपल्या कला संचालनालयाला ठाऊक आहे. पोर्टफोलिओत सगळी एका माळेत ओवली की बघणाऱ्याला कळणार कसं?

अमेरिकेतल्या माझ्या भाचीच्या ऑफिसात असे पोर्टफोलिओ येतात. तिला फोनवर विचारलं, तू काय बघतेस? म्हणाली, ‘मावशी, पहिली तीन चित्रं बघते. मग सगळ्यात वाईट कुठलं ते शोधते.’ वाईट कशाला? ‘कारण त्याने ते ठेवलंय, म्हणजे त्याला ते चांगलं वाटतं. त्याची पारख तिथे कळते.’ मला हे फार पटलं. चौऱ्याऐंशीतली सत्तर काढून टाकायची ती जागा वाचवायला नाही, आपली पारख दाखवायला. बाकी बारीकसारीक गोष्टी ती सांगत गेली आणि मी टिपून घेतल्या: फाइल मोबाइलवर पटकन उघडली पाहिजे, फाइलच्या नावात ‘फायनल फायनल नवीन दोन’ नको, स्वतःचं नाव हवं, चित्रावर आडवातिडवा नावाचा शिक्का मारू नये, चोर तरीही चोरतो आणि बघणाऱ्याला चित्र दिसत नाही, पार्श्वसंगीत तर मुळीच नको. इन्स्टाग्रामची लिंक दिली तर चालेल का, विचारलं. ‘दे, पण तो पोर्टफोलिओ नव्हे. तिथे शेवटचं चित्र पहिलं दिसतं, आणि शेजारी भाऊबीजेचे फोटो असतात.’

गेल्या वर्षा-दोन वर्षांत आणखी एक गोष्ट झालीय आणि तिने पहिल्या पंथाचा उरलासुरला आधारही काढून घेतलाय. मार्च २०२५ मध्ये आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सगळे एका रात्रीत जपानी झाले! दादा, वहिनी, सत्यनारायणाच्या पूजेचा फोटो, सगळं त्या जपानच्या घिब्ली स्टुडिओच्या चित्रांसारखं. यंत्राला फोटो द्यायचा, ते चित्र करून देतं. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशन या चित्रकारांच्या संकेतस्थळावर हजारो जणांनी निषेधाचं एकच चित्र लावून पानं भरून टाकली होती, कारण यंत्राची चित्रं त्यांच्या शेजारी येऊन बसली होती. त्या भांडणात कोण किती बरोबर हा मोठा विषय आहे. इथे एवढाच मुद्दा की नुसतं झळाळतं पुरं झालेलं चित्र आता कशाचाच पुरावा राहिलेलं नाही. निळ्या ज्वाळांतला वाघ यंत्र मिनिटभरात काढतं, आणि मला वाटतं त्या पोरापेक्षा बरा काढत असेल. पण अळीसारखं फसलेलं पान, ते का फसलं, आणि पुढच्या खेपेला कुठला धागा हलवला, हे त्यालाच सांगता येतं ज्याने रात्री साडेअकराला मागाशी उभं राहून नमुना बघितला. कच्चं काम लपवा, फक्त सुंदर तेवढं दाखवा, असं अजूनही सांगणाऱ्या क्लासने फी परत करावी.

कुणी म्हणेल, बाई, हे सगळं समोरच्याला खूश करण्याचं तंत्र झालं, कलेचं काय? तर लिओनार्दो दा विंचीचं सांगते. साधारण १४८२ च्या सुमाराला त्याने मिलानच्या सत्ताधीशाकडे नोकरी मागण्यासाठी पत्र तयार केलं. त्यात ओळीने लिहिलंय की मी हलके पूल बांधतो, तोफा करतो, वेढा घालायची साधनं करतो. आणि अगदी शेवटी, जाता जाता, की चित्रंही काढतो. समोरच्याला युद्धाची काळजी आहे हे त्याने ओळखलं होतं. म्हणून काही त्याची चित्रकला बाटली नाही. समोरचा कोण आहे, त्याला काय हवंय, हे ओळखून बोलणं ही लाचारी असेल तर सगळी पत्रव्यवहाराची पुस्तकं जाळावी लागतील, आणि मी ती दहावीपर्यंत शिकवलेली आहेत.

आमच्या वन्संचं म्हणणं असं की ज्याच्यात धमक असते तो कुठूनही वर येतो. येत असेलही. जे वर आले तेवढेच आपल्याला दिसतात, म्हणून तसं वाटतं. जे एकोणसत्तराव्या पानावर राहिले त्यांची नावं कोण सांगणार? आणि एक गोष्ट बघा, ‘काम बोलतं’ हे ज्यांच्या घरात तीन पिढ्या ओळखीपाळखी आहेत त्यांना म्हणायला सोपं असतं. त्यांचं काम बोलत नाही, त्यांचे मामा बोलतात. यंत्रमागावरच्या बापाच्या मुलाला मामा नाही. त्याच्याकडे ती दहा-बारा पानंच आहेत.

त्या पोराने आता वाघ काढलाय. कॉफीचं दुकान बंद केलंय. चौकडीचं पान पाच तुकड्यांत मांडून झालं. फोटोसाठी कापड उन्हात धरायला मीच गॅलरीत उभी होते, तिरप्या उन्हात विणीचा उठाव चांगला येतो हे मला त्या दिवशी कळलं. ओळी आधी मराठीत लिहायला लावल्या, कारण इंग्रजीत सुरुवात केली की तो पुन्हा ‘पॅशनेट’ होतो. मराठीत त्याने लिहिलं, ‘देठाचा धागा सुटा राहत होता म्हणून मधे टाका घेतला.’ याचं भाषांतर करायला भाचीला सांगितलंय, एकही विशेषण न वाढवता.

भांडण उरलंय ते पहिल्या पानाचं. त्याला तिथे पैठणीच्या पदराचा मोर हवा, जो त्याने हौसेने जॅकार्डसाठी केला आणि अजून कुणी विणलेला नाही. माझं मत चौकडीला. तो म्हणतो चौकडी बघून कुणी थांबणार नाही, मी म्हणते मोर बघून सगळे पुढे जातील, मोर सगळ्यांकडे असतात. अर्ज पाठवायला अजून नऊ दिवस आहेत. रविवारी तो लॅपटॉप घेऊन येणार आहे, आणि येताना मोराचा सराव-नमुना एखाद्या जॅकार्डवर वीतभर तरी विणून मिळतो का ते विचारून येतो म्हणालाय.